लॉस एंजेलिस कौंटीचे सार्वजनिक बांधकाम खाते : नियोजन आणि अंमलबजावणी

'कौंटी' या शब्दाला मराठीत नेमका पर्याय नाही. जिल्हा म्हणावे तर तेथे जिल्हाधिकारी नसतो. जिल्हा परिषद म्हणावे तर कौंटीकडे तुरुंग, रुग्णालये, निवडणुका आणि मालमत्तेची आकारणी अशीही कामे असतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राज्याच्या खालचा आणि शहराच्या शेजारचा असा हा प्रशासनाचा घटक आहे. 'शेजारचा' असे म्हणण्याचे कारण एवढेच की, शहर कौंटीच्या हद्दीत असले तरी कौंटीच्या हाताखाली नसते.

कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलिस कौंटीचे क्षेत्रफळ सुमारे १०,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याएवढे आहे. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या १ कोटीहून किंचित अधिक भरली. या हद्दीत ८८ स्वतंत्र शहरे असून लॉस एंजेलिस हे त्यांपैकी सर्वांत मोठे. या शहरांच्या बाहेर उरलेला प्रदेश क्षेत्रफळाने कौंटीच्या जवळजवळ दोनतृतीयांश आहे आणि त्यात सुमारे १० लाख लोक राहतात. या प्रदेशाला ना महापौर, ना नगरपालिका. रस्ता, गटार, पूल, घरबांधणीचा परवाना, या सर्वांसाठी तेथील रहिवाशांना कौंटीच्याच दारी जावे लागते. त्यामुळे कौंटीचे सार्वजनिक बांधकाम खाते हे त्या १० लाख लोकांची ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांची कामे एकाच छपराखाली करीत असते.

या सर्वांवर देखरेख पाच सदस्यांच्या पर्यवेक्षक मंडळाची. प्रत्येक सदस्य सुमारे २० लाख लोकांचे प्रतिनिधित्व करतो. आपल्याकडील जिल्हा परिषदेत पन्नास किंवा त्याहून अधिक सदस्य असतात हे लक्षात घेतले म्हणजे या मंडळाचा आटोपशीरपणा आणि त्यातील अडचण अशा दोन्ही गोष्टी ध्यानात येतात. निर्णय लवकर होतात. पण एखाद्या गल्लीतील नागरिकाला आपला प्रतिनिधी प्रत्यक्ष भेटणे दुरापास्त होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी ही संख्या नऊ करण्यास मान्यता दिली असून, २०३० च्या जनगणनेनंतर नवे मतदारसंघ आखले गेल्यावर तो बदल अमलात यावयाचा आहे.

पैशाला असलेल्या भिंती

हे खाते आजच्या स्वरूपात १९८५ साली अस्तित्वात आले. त्यापूर्वी रस्ते खाते, कौंटी अभियंत्याचे कार्यालय आणि पूरनियंत्रण जिल्हा अशा तीन यंत्रणा वेगवेगळ्या नांदत होत्या. एकाच रस्त्यावर एकाने डांबर घालावे आणि दुसऱ्याने पावसाळी गटारासाठी तोच रस्ता उकरावा, हा अनुभव कोणत्याही देशाला नवा नाही. तिन्ही यंत्रणा एका संचालकाच्या हाताखाली आल्या आणि अभियंते, यंत्रसामग्री व भांडारे एकत्र झाली.

निधी मात्र एकत्र झाले नाहीत, आणि खात्याचे नियोजन समजून घेण्याची किल्ली येथेच आहे. पूरनियंत्रण जिल्हा ही १९१५ साली राज्याच्या कायद्याने निर्माण झालेली संस्था. १९१४ च्या महापुराने झालेल्या हानीनंतर ती स्थापन झाली. ती आजही कायद्याने स्वतंत्र आहे. तिला मालमत्ता कराचा स्वतःचा हिस्सा मिळतो आणि बांधकाम खाते केवळ तिचा कारभार पाहते. त्या हिश्शातून रस्त्यावरचा एक खड्डाही बुजविता येत नाही. रस्त्यांचा पैसा प्रामुख्याने पेट्रोलवरील राज्याच्या करातून येतो. २०१७ साली राज्य विधिमंडळाने हा कर गॅलनमागे १२ सेंटांनी वाढविला; पुढच्याच वर्षी ती वाढ रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि मतदारांनी तो फेटाळला. याशिवाय २००८ आणि २०१६ साली लोकमताने मंजूर झालेल्या विक्रीकराचा काही वाटा स्थानिक रस्त्यांना मिळतो. मलवाहिन्यांसाठी वेगळा आकार आहे, आणि जेथे कौंटी स्वतः पाणीपुरवठा करते तेथे पाणीपट्टीचा हिशेब निराळा असतो.

या भिंती उगीच उभ्या राहिलेल्या नाहीत. १९७८ साली मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून मालमत्ता कराला मूल्याच्या १ टक्क्याची मर्यादा घातली आणि विशेष करासाठी दोनतृतीयांश मतांची अट घातली. १९९६ साली मालमत्तेशी संबंधित आकारणीवरही बंधने आली. यामुळे स्थानिक संस्थेला नवा पैसा हवा असेल तर तो कशासाठी, किती आणि किती काळ, हे लोकांना सांगून त्यांचे मत घ्यावे लागते. आणि ज्या कामासाठी तो मिळाला त्याच कामावर खर्च करावा लागतो. अभियंत्याला ही व्यवस्था जाचक वाटते, हिशेबनिसाला सोयीची वाटते. एकाच ठिकाणी एका निधीत शिल्लक आणि दुसऱ्यात खडखडाट असे चित्र तेथेही दिसते. मात्र रस्त्याचा पैसा कोठे गेला, या प्रश्नाचे उत्तर तेथे सहसा कागदावर सापडते, ही तिची जमेची बाजू मानली पाहिजे.

चांगला रस्ता आधी

खात्याकडे सुमारे ५ हजार किलोमीटर लांबीच्या रस्त्यांची देखभाल आहे. त्यांपैकी या वर्षी कोणता रस्ता हाती घ्यावयाचा, हे ठरविण्याची पद्धत येथील लोकप्रतिनिधींना प्रथमदर्शनी विपरीत वाटेल.

प्रत्येक रस्त्याची ठरावीक काळाने पाहणी होते. भेगा, खड्डे, चाकोऱ्या, कडेची झीज या सर्वांची नोंद होऊन रस्त्याला ० ते १०० यांमधील एक गुणांक दिला जातो. नवा रस्ता १०० च्या जवळ असतो. सामान्य समजुतीप्रमाणे सर्वांत कमी गुणांचा रस्ता प्रथम दुरुस्त व्हावयास हवा. वर्षानुवर्षे तसेच होत असे. पुढे असे आढळले की, अत्यंत खराब रस्त्यांवर सारा निधी खर्च होतो आणि तेवढ्या काळात मध्यम स्थितीतील रस्ते घसरून खराब रस्त्यांच्या यादीत जाऊन बसतात. यादी संपतच नाही. डांबरी रस्त्याचा स्वभाव असा की, बरीच वर्षे तो हळूहळू झिजतो आणि एका टप्प्यानंतर झपाट्याने ढासळतो. पाणी भेगांतून खालच्या थरात शिरले की वरचा थर किती जाड आहे याला अर्थ उरत नाही. ढासळण्याच्या आधी पातळ डांबरी लेप दिला तर थोडक्या खर्चात रस्त्याचे आयुष्य वाढते. ढासळल्यावर तोच रस्ता पायापासून उकरावा लागतो व खर्च अनेक पटींनी वाढतो.

म्हणून खात्याने तीन सूत्रे स्वीकारली. चांगल्या स्थितीतील रस्त्यांची काळजी आधी घ्यावयाची. साहित्यात जुने डांबर आणि वापरून टाकलेल्या टायरांचे रबर यांचा उपयोग करावयाचा. आणि शक्य तेथे जुना थर खरवडून, जागच्या जागी मिसळून पुन्हा अंथरावयाचा. तिसऱ्या सूत्रामुळे खडी आणणे आणि राडारोडा नेणे या दोन्ही वाहतुकींची बचत होते.

हिशेबाने हे धोरण बिनचूक आहे. अवघड आहे ते लोकांना सांगणे. ज्याच्या दारापुढचा रस्ता उखडला आहे त्याने, पलीकडच्या गल्लीतील धडधाकट रस्त्याला लेप दिला जात असताना काय समजावे? हा प्रश्न तेथील सभांतूनही विचारला जातो आणि त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर नाही. खराब रस्त्यांसाठी निधीचा काही भाग बाजूला ठेवणे, खड्डे तात्पुरते बुजवीत राहणे आणि त्या रस्त्याची पाळी कोणत्या वर्षी येणार हे आधी जाहीर करणे, एवढेच करता येते. न्याय आणि काटकसर यांचा येथे खरोखरच विरोध आहे, आणि तो गुणांकाच्या कोष्टकाने मिटत नाही. जुन्या, गरीब वस्त्यांतील रस्ते मुळातच कमी गुणांचे असतात. 'चांगल्याला आधी' हे सूत्र डोळे मिटून लावले तर त्या वस्त्या कायमच्या मागे पडतील. अशा ठिकाणी अंतिम निर्णय अभियंत्याचा नव्हे, निवडून आलेल्या मंडळाचा असावा लागतो.

मंजुरीपासून पुढची वाट आपल्याकडील वाटेपेक्षा फार निराळी नाही. पाहणी, आराखडा, अंदाजपत्रक, १९७० च्या राज्य कायद्यानुसार पर्यावरणाची छाननी, मंडळाची मान्यता, जाहीर निविदा आणि पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दराच्या कंत्राटदाराला काम. आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. मंडळाच्या बैठका १९५३ च्या कायद्याने खुल्या असतात. कार्यक्रमपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि कोणालाही उठून बोलण्याचा अधिकार असतो. दोन गोष्टी मात्र नोंद घेण्याजोग्या आहेत. पहिली, दक्षिण कॅलिफोर्नियातील अनेक स्थानिक संस्था बांधकामाची एकच प्रमाणित विनिर्देश-पुस्तिका वापरतात. १९६७ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही पुस्तिका हिरव्या मुखपृष्ठामुळे 'ग्रीनबुक' या नावाने ओळखली जाते. खडीचा आकार, थराची जाडी, चाचणीची रीत सर्वत्र एकच असल्याने एका शहरात काम केलेला कंत्राटदार दुसऱ्या शहरात नव्याने शिकत बसत नाही, आणि तपासनिसाला वाद घालण्यास जागा राहत नाही. दुसरी गोष्ट देयकांची. कंत्राटदाराने रीतसर सादर केलेले, वाद नसलेले चालू देयक ३० दिवसांत चुकते केले नाही तर संस्थेला त्यावर व्याज द्यावे लागते. देयक वेळेवर मिळण्याची खात्री असली की लहान कंत्राटदारही निविदा भरतो आणि दरात उशिराची किंमत मिळवीत नाही.

आग आणि मग चिखल

रस्ते सर्वत्रच असतात. या खात्याला जे काम विशेषत्वाने करावे लागते ते डोंगराने लादलेले आहे.

शहराच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएल पर्वताची रांग आहे. तिची शिखरे ३ हजार मीटरपर्यंत उंच आहेत आणि तिच्या थेट पायथ्याशी वस्ती लागते. पाऊस सरासरीने थोडा, वर्षाला सुमारे ३८ सेंटिमीटर. पण तो मुख्यतः हिवाळ्यात, आणि कधीकधी दोन-तीन दिवसांतच धो धो पडतो. लॉस एंजेलिस नदी सुमारे ८२ किलोमीटरच्या प्रवासात सुमारे २४० मीटर खाली उतरते. डोंगराचा दगड ठिसूळ, उतार खडा. उन्हाळ्याच्या अखेरीस वाळलेल्या झुडुपांना आग लागते. या झुडुपांत मेणासारखी द्रव्ये असतात. आगीत ती वाफ होऊन जमिनीत शिरतात व थोड्या खोलीवर थिजतात, त्यामुळे माती पाणी शोषीत नाही. मुळांची पकड गेलेली, माती पाणी नाकारणारी, आणि वर पावसाची सर. मग माती, राख, ओंडके आणि मोटारीएवढे धोंडे एकत्र होऊन ओल्या काँक्रीटसारखे खाली येतात. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथील दुर्घटना ज्यांच्या स्मरणात आहेत त्यांना उताराखाली राहण्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. तेथील कारण मात्र वेगळे, तेथे आधी आग येते.

नोव्हेंबर १९३३ मध्ये ला क्रेसेंटा खोऱ्यावरचे डोंगर जळाले. वर्षअखेरीच्या पावसात, १ जानेवारी १९३४ च्या मध्यरात्रीनंतर, चिखलाचा लोंढा वस्तीत शिरला. चाळीसहून अधिक माणसे मरण पावली आणि शेकडो घरांची हानी झाली. पावसापासून बचाव व्हावा म्हणून एका सभागृहात जमलेल्यांपैकी काहींनी तेथेच प्राण गमावले. त्यानंतर दऱ्यांच्या मुखाशी गाळकुंडे बांधण्याच्या कामाला वेग आला. १९३८ च्या महापुरात शंभराहून अधिक बळी गेल्यावर संघराज्याच्या लष्करी अभियंता दलाच्या मदतीने नद्यांना काँक्रीटचे पात्र देण्याचे प्रचंड काम पार पडले.

गाळकुंडाची रचना साधी आहे. दरीच्या तोंडाशी खोलगट वाडग्यासारखा खड्डा, खालच्या अंगाला बांध, आणि मध्ये भोके असलेला काँक्रीटचा मनोरा. चिखल आत येतो; पाणी मनोऱ्याच्या भोकांतून निघून नाल्यात जाते; दगडगाळ मागे राहतो. अशी दीडशेहून अधिक कुंडे पूरनियंत्रण जिल्ह्याकडे आहेत. याखेरीज त्याची १४ धरणे आहेत आणि रस्त्याकडेला पावसाळी गटारांची सुमारे ८० हजार तोंडे आहेत. कुंड बांधणे हे सोपे काम. ते रिकामे ठेवणे हे खरे काम. वरचे डोंगर हिरवे असताना कुंड एकचतुर्थांश भरले की उपसावयाचे, आणि डोंगर नुकतेच जळलेले असतील तर केवळ ५ टक्के भरले तरी उपसावयाचे, असा दंडक आहे. १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल हा वादळी पावसाचा हंगाम मानला जातो आणि त्याआधी सफाई पुरी करण्याचा प्रयत्न असतो. आग लागली की खात्याचे अभियंते उताराखालच्या घरी जाऊन वाळूच्या पोत्यांची आणि आडव्या फळ्यांची मांडणी कशी करावी याचा सल्ला देतात, रस्त्यांवर काँक्रीटचे अडथळे मांडून चिखलाला वाट आखून देतात, आणि पावसाच्या अंदाजाबरोबर चिखलाच्या धोक्याची तीन पायऱ्यांची सूचना प्रसिद्ध करतात.

एवढे करूनही चूक होते. ऑगस्ट २००९ मध्ये लागलेल्या 'स्टेशन फायर' या आगीत सुमारे ६५ हजार हेक्टर क्षेत्र जळाले. ६ फेब्रुवारी २०१० रोजी पहाटे अंदाजापेक्षा कितीतरी जोराचा पाऊस झाला. ला कन्याडा फ्लिंट्रिज येथील एका लहान गाळकुंडाचे तोंड मोठ्या धोंड्याने बंद झाले, कुंड ओसंडले आणि खालच्या सुमारे ४० घरांचे नुकसान झाले. रस्त्यात मांडलेले काँक्रीटचे अडथळे लोंढ्याबरोबर वाहत गेले. जीवितहानी झाली नाही. एक धोंडा कोठे अडकेल, हे कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही. परंतु कुंड किती लहान आहे आणि वरचे डोंगर किती जळले आहेत, या दोन्ही गोष्टी आधीच ठाऊक होत्या, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रश्न अधिक चिवट आहे. उपसलेला गाळ टाकावयाचा कोठे? डोंगर दरवर्षी गाळ देतच राहणार. टाकण्याच्या जागा मात्र भरत चालल्या आहेत. जानेवारी २०११ मध्ये आर्केडिया येथे, सांता अनिता धरणातील गाळ टाकण्यासाठी सुमारे ११ एकरांवरील ओक आणि सिकॅमोर जातीची जवळजवळ २५० झाडे पाडण्यात आली. चौघांनी झाडांवर चढून विरोध केला. त्यांना अटक झाली. कायद्याने खात्याची बाजू बळकट होती, धरणाची निकडही खरी होती. तरीही या घटनेने खात्याला जे शिकविले ते मंजुरीच्या कागदांनी शिकविले नव्हते. पुढे वीस वर्षांचा गाळव्यवस्थापनाचा आराखडा तयार झाला. जुन्या खाणींचे खड्डे, वाहक पट्टे, पाण्याच्या प्रवाहाबरोबर गाळ पुढे सोडणे, असे पर्याय त्यात मांडण्यात आले आणि आराखडा लोकांपुढे चर्चेसाठी ठेवण्यात आला.

तरीही पॅसाडीना येथील डेव्हिल्स गेट धरणाचे प्रकरण सुटण्यास दशक लोटले. १९२० साली पुरे झालेले हे पूरनियंत्रण जिल्ह्याचे पहिले धरण. २००९ च्या आगीनंतर त्यात प्रचंड गाळ येऊन बसला. २०१४ साली मंडळाने सुमारे १८ लाख घनमीटर गाळ काढण्यास मान्यता दिली. साचलेल्या गाळावर तोवर विलो वृक्षांचे रान माजले होते आणि दुर्मीळ पक्षी तेथे वसले होते. शेजारी शाळा, तेथून दिवसाला शेकडो ट्रक जाणार म्हणून पालकही अस्वस्थ झाले. पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. न्यायालयाने पर्यावरण अहवालातील काही त्रुटी दाखविल्या. २०१७ साली मंडळाने गाळाचे परिमाण सुमारे १३ लाख घनमीटरांवर आणले, कमी धूर सोडणाऱ्या ट्रकांची अट घातली, आणि गाळ वाहून नेण्याचे काम २०१९ मध्ये सुरू झाले. या सर्व वर्षांत धरणाखालची वस्ती धोक्याच्या छायेत होती. विरोधकांमुळे उशीर झाला असे म्हणणे सोपे आहे. पण झाडे वाढण्याआधीच, थोडाथोडा गाळ दरवर्षी काढला गेला असता तर न्यायालयाची पायरी कोणालाच चढावी लागली नसती. रस्त्यांच्या बाबतीत जे सूत्र खात्याने स्वीकारले तेच येथे पाळले गेले नव्हते.

वाहून जाणारे पाणी

काँक्रीटच्या पात्रांनी पूर आवरला, पण पाणीही समुद्रात पोचते केले. या कौंटीला बरेचसे पाणी शेकडो किलोमीटरवरून विकत आणावे लागते, त्यामुळे हे पाहणे क्लेशदायक. म्हणून पूरनियंत्रण जिल्ह्याने २७ ठिकाणी पाणी पसरविण्याची विस्तीर्ण मैदाने राखली आहेत. धरणात अडविलेले पाणी हळूहळू तेथे सोडून जमिनीत जिरवितात. आपल्याकडील पाझर तलावाचीच ही भावंडे. १९६२ पासून शुद्ध केलेले सांडपाणीही यांपैकी काही ठिकाणी जिरविले जाते. किनाऱ्यालगत भूजलात खारे पाणी शिरू नये म्हणून विहिरींच्या रांगांतून गोडे पाणी दाबाने जमिनीत सोडले जाते आणि त्याची अदृश्य भिंत उभी केली जाते. अशा भिंती तीन आहेत.

पावसाचे पाणी गाळून जिरविण्याची लहान कामे गावोगाव करण्यासाठी पैसा नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांपुढे प्रस्ताव आला : खाजगी जमिनीवरील ज्या भागातून पाणी मुरत नाही, म्हणजे छप्पर, फरसबंदी, वाहनतळ, त्यावर दर चौरस फुटास अडीच सेंट कर. ज्याने जमीन झाकली त्याने पाण्याची भरपाई करावी, हा त्यातील न्याय कोणालाही समजण्यासारखा. दोनतृतीयांशांची अट असताना सुमारे ६९ टक्के मते अनुकूल पडली. यातून वर्षाला सुमारे २८ कोटी डॉलर मिळतात. त्यांपैकी ४० टक्के शहरांना व कौंटीच्या वस्त्यांना, ५० टक्के पाणलोट क्षेत्रनिहाय प्रकल्पांना आणि १० टक्के पूरनियंत्रण जिल्ह्याला जातात. पाणलोट क्षेत्रे नऊ असून प्रत्येकाची समिती प्रकल्पांची शिफारस करते. शहरांच्या हद्दी सोडून पाण्याच्या हद्दीने पैसा वाटण्याची ही रीत पाहण्यासारखी आहे. कामे मात्र संथ गतीने पुरी होतात अशी टीका होते, आणि ती निराधार नाही.

लहान शहरांचा प्रश्न तेथे १९५४ मध्ये एका वेगळ्या मार्गाने सुटला. लेकवुड हे नवे शहर स्थापन झाले तेव्हा त्याने स्वतःची खाती न उभारता कौंटीकडूनच कराराने सेवा विकत घेतल्या. पुढे अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. रस्त्यांची देखभाल, वाहतूक दिवे, इमारतींची तपासणी अशी कामे खाते आजही काही शहरांसाठी मोबदला घेऊन करते. चार अभियंते नेमण्याची ऐपत नसलेल्या संस्थेला अनुभवी खात्याची सेवा मिळते आणि असमाधान झाले तर करार मोडण्याचा अधिकारही उरतो.

आल्टाडीना

शहराचा दर्जा नसलेल्या वस्तीची कसोटी ७ जानेवारी २०२५ रोजी लागली. जोरदार वाऱ्यात ईटन दरीत लागलेली आग आल्टाडीना या सुमारे ४२ हजार लोकसंख्येच्या वस्तीत घुसली. ९ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि माणसेही दगावली. आल्टाडीनाला नगरपालिका नाही. आग विझल्यापासून खात्यापुढे दोन कामे एकाच वेळी उभी राहिली. डोंगर जळाला होता आणि पावसाचा हंगाम निम्मा उरला होता. गाळकुंडे तातडीने उपसण्यात आली, रस्त्यांत अडथळे मांडण्यात आले. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी जोराचा पाऊस झाला आणि जळालेल्या उतारांखालच्या रस्त्यांवर चिखल आला.

दुसरे काम परवान्यांचे. जळालेल्या घरांचा राडारोडा उचलण्याचे मोठे काम लष्करी अभियंता दलाने केले. पण नवे घर बांधण्यास परवानगी कौंटीचीच. नियोजन, बांधकाम, अग्निशमन आणि जेथे शोषखड्डे आहेत तेथे आरोग्य, अशा चार खात्यांची संमती लागते. यासाठी आल्टाडीनामध्येच एका छताखाली केंद्र उघडण्यात आले, जेणेकरून नागरिकाला चार कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत. पूर्वीच्याच आकाराचे घर बांधणाऱ्यास सवलती देण्यात आल्या. तरीही विलंबाच्या तक्रारी आल्या. त्यांतील काही तक्रारींचे मूळ विमा कंपन्यांच्या दिरंगाईत होते, काहींचे खात्याच्या छाननीत. जुनी घरे जुन्या नियमांनी बांधलेली होती. नवी घरे आगीला तोंड देतील अशी व्हावीत असे नियम सांगतात, आणि त्याचा खर्च ज्याचे सर्वस्व जळाले त्यालाच सोसावा लागतो.

जळालेल्या उतारावर झुडपे पुन्हा मूळ धरण्यास चार-पाच वर्षे जातात. तेवढे हिवाळे आल्टाडीनावरची गाळकुंडे पाच टक्क्यांच्या दंडकाने उपसावी लागतील, आणि त्याच रस्त्यांवरून एकीकडे घरांसाठी सिमेंट, लाकूड वर जात असताना दुसरीकडे गाळाचे ट्रक खाली उतरत राहतील. रस्त्यांची डागडुजी करावयाची ती हे दोन्ही थांबल्यावर, की आधी, हा प्रश्न खात्याच्या नियोजनकारांपुढे आहे.